फुकट आलेलं नमुना किट : जानेवारीतलं परीक्षण मागे घेतोय, नव्याने लिहितोय

तापीतीर (जळगाव) | १२ मे, रात्री १०.४०

मंडळी, जानेवारीत मी इथे एका रेझिन फिगर्सच्या (म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक द्रव्यातल्या, घरी रंगवायच्या छोट्या शिपायांच्या) नमुना किटचं परीक्षण टाकलं होतं. तीन फिगर्स, सहा छोट्या बाटल्या रंग, एक ब्रश. ते किट कंपनीने मला फुकट पाठवलं होतं. तसं मी लिहिलंही होतं, पण सगळ्यात शेवटी, फोटोंच्या खाली, जिथपर्यंत फारसं कोणी जात नाही. आणि वर लिहिलं होतं की नवख्यांनी डोळे झाकून घ्यावं. ते वाक्य आज मागे घेतो.

गेल्या रविवारी यावलहून एक मुलगा वडिलांना घेऊन घरी आला. यंदा अकरावीत आहे. माझं परीक्षण वाचून त्याने तेच किट अठराशे रुपयांना विकत घेतलं होतं. सुट्टीत केळीच्या कटाईवर जाऊन जमवलेले पैसे. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून तिन्ही फिगर्स आणल्या होत्या. भालाईताचा भाला धनुष्यासारखा वाकलेला, झेंड्याची काठीही तशीच. ढालीवरचा लाल रंग त्याने नखाने जरा टोकरला आणि कांद्याच्या सालीसारखा अख्खा पापुद्रा सुटून आला. "काका, माझं काय चुकलं?" असं त्याने तीनदा विचारलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जे मी सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं.

मी ते किट जानेवारीत, थंडीत, चार दिवसांत रंगवलं. फिगर्स आधी भांड्यांच्या साबणाने धुतल्या, कारण ती माझी पंधरा वर्षांची सवय आहे. प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा खालचा थर, माझ्याकडचा मारला. डोळे माझ्या ब्रशने काढले. फोटो छान आले आणि ते सगळं श्रेय मी किटच्या नावावर लिहून टाकलं. ज्याच्याकडे ही सवय नाही, ही बाटली नाही, तो ब्रश नाही, त्याच्या हातात त्या खोक्यातून काय येतं हे मी बघितलंच नाही. आता त्या मुलाच्या फिगर्स समोर ठेवून पुन्हा लिहितो.

घडण चांगली आहे, हे आजही म्हणेन. साखळी चिलखताच्या कड्या नीट उठलेल्या आहेत, चेहऱ्यांवर भाव आहे, बोटं वेगवेगळी दिसतात. ३२ मिमी उंचीच्या फिगरमध्ये एवढं पुरे. पण साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, म्हणजे मोल्ड लाइन, भालाईताच्या थेट गालावरून गेली आहे. मांडीवरून किंवा झग्याच्या काठावरून गेलेली रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडून काढता येते. गालावरची काढताना नवख्याच्या हातून नाक जातं. माझ्या नमुन्यात ही रेघ केसाएवढी बारीक होती, त्याच्या विकतच्या किटमध्ये चांगली जाड आहे. शिवाय एका कोपरावर हवेचा बुडबुडा फुटून खड्डा पडलाय. माझ्यात तो नव्हता.

आता रंग का सुटला ते. ओतीव रेझिनची फिगर सिलिकॉनच्या साच्यातून सहज निघावी म्हणून साच्याला सुटकेचं द्रव्य लावतात. त्याचा तेलकट थर फिगरवर राहतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, मग रात्रभर वाळवणं, एवढ्याने तो जातो. किटमधल्या कागदावर याबद्दल एक शब्द नाही. दुसरं म्हणजे किटमध्ये प्रायमरच नाही. उघड्या रेझिनला अॅक्रिलिक रंग धरत नाही, तो नुसता वर बसून राहतो. धुतलेलं नाही आणि प्रायमर नाही, मग साल निघणारच. "सर्व साहित्य आत" असं खोक्यावर छापलंय, आणि ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

प्रायमर वेगळा घ्यायचा म्हटलं की आपल्याकडचं हवामान आडवं येतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना दुपारी स्प्रे मारला तर थेंब फिगरवर पोचायच्या आधीच हवेत वाळतात आणि अंगावर रवा चिकटल्यासारखा खरखरीत थर बसतो. पावसाळ्यात दमट हवेत तोच स्प्रे पांढुरका पडतो. उन्हाळ्यात मी सकाळी साडेसहाच्या आत मारतो. नवख्याने ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा, त्याला वेळकाळ लागत नाही. कूलरसमोर बसून मात्र काहीच रंगवू नका. पॅलेटवरचा रंग दोन मिनिटांत चामट होतो. डब्यात ओला टिश्यू आणि वर बटर पेपर असा वेट पॅलेट घरी करता येतो, त्यावर रंग तासभर टिकतो.

बाटल्यांवर किती मिली ते लिहिलेलं नाही. मी सिरिंजने मोजलं, प्रत्येकी ३ मिली. सिटाडेल या फिगर-रंगांच्या ब्रँडची साधी डबी १२ मिलीची येते, त्यावरून अंदाज घ्या. पिवळा रंग पांढऱ्या प्रायमरवरसुद्धा चार थर मागतो. पांढरा खडूसारखा वाळतो. तपकिरी वॉश (खाचांत भरायचा पातळ रंग) मात्र फार सुंदर आहे. चिलखताच्या खाचांत आपणहून उतरतो आणि कडांवर डाग ठेवत नाही. खोक्यातली सगळ्यात चांगली वस्तू तीच. फक्त बोअरच्या पाण्याने पातळ करू नका. आमच्या पाण्याने वाळल्यावर खाचांत पांढरं क्षाराचं कडं उमटलं, आरओच्या पाण्याने नाही उमटलं.

ब्रश सिंथेटिक आहे. दुसऱ्या फिगरला त्याचं टोक आकड्यासारखं वळलं. ही सिंथेटिकची जात आहे, त्याला दोष देत नाही, पण डोळे-भुवया त्याने होणार नाहीत.

आणि भाला. त्या मुलाने फिगर्स पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी मांडल्या होत्या. पातळ ओतीव रेझिन एवढ्या उन्हात मऊ पडतं आणि स्वतःच्या वजनाने झुकतं. माझ्या फिगर्स स्लॅबच्या घरात काचेच्या कपाटात आहेत, त्या अजून सरळ आहेत. जानेवारीत लिहिलेल्या परीक्षणात मे महिना कुठून येणार? म्हणून यापुढे नमुन्याचं परीक्षण मी दोनदा लिहिणार, एकदा रंगवून झाल्यावर आणि एकदा उन्हाळा काढल्यावर.

त्या मुलाला मी माझा प्रायमर आणि एक ब्रश दिला. पैसे परत द्यायला निघालो होतो, वडिलांनी हात धरला. भाल्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा.

लोकोशेड (भुसावळ) | १२ मे, रात्री ११.२५

भाल्याचं सोपं आहे, भाऊ. चहाला ठेवतो तसं पाणी गरम करा, उकळी फुटायच्या आत उतरवा. वाकलेला भाग अर्धा मिनिट त्यात बुडवा, चिमट्याने काढा, सपाट फरशीवर बोटाने सरळ धरा आणि लगेच गार पाण्यात घाला. गार पाण्यात जो आकार असेल तो राहतो. एकदा नाही जमलं तर पुन्हा करा. पण पुढच्या मेमध्ये परत वाकेल. कायमचा इलाज म्हणजे भाला कापून टाकायचा, मुठीत बारीक भोक पाडायचं आणि पितळी तार घालायची. टोक जुनंच चिकटवा.

मी रेल्वेच्या मॉडेलवाला माणूस. आमची माणसं १:८७ ची, म्हणजे जेमतेम २० मिमी, प्लॅटफॉर्मवर उभी करायची. तरी सांगतो, नमुन्याच्या परीक्षणात पहिली ओळ ही हवी की वस्तू कशाची आहे. स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर, येतं ते कडक पॉलिस्टायरिन, त्याला प्लास्टिक सिमेंट लागतं, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. रेझिनला आणि धातूला त्या सिमेंटचा काही उपयोग नाही, तिथे फेविक्विकसारखा गोंदच पाहिजे. जुन्या १:७२ च्या मऊ प्लास्टिकच्या शिपायांना तर ना गोंद नीट धरतो ना रंग, संगीन वाकवली की रंग उडालाच. नवख्याला हे माहीत नसतं आणि तो चुकीची बाटली घेऊन येतो.

त्या पोराला जुना रंग काढायचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश. थोडाच वेळ भिजवायचं, रात्रभर नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको. त्यात अॅसिटोन असतं, पॉलिस्टायरिनची फिगर असेल तर लगदा होतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव) | १३ मे, सकाळी ७.१०

तुम्ही "फुकट मिळालं" हे तळाशी लिहिलं होतं म्हणालात, त्याबद्दल थोडं. हा आता नुसत्या सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर वस्तूंची भलामण करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, सवलत, भेटवस्तू, फुकट आलेली वस्तू, अगदी न मागता आलेली असली तरी, ते सगळं उघड सांगायचं, आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही अशा जागी सांगायचं. हॅशटॅगच्या ढिगात किंवा शेवटी लपवलेलं चालत नाही. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानकही आलं.

आपण कोणी लाखो लोकांसमोर बोलणारे नाही, हे मला कळतं. पण यावलच्या मुलाला तुमचे वाचक किती आहेत याच्याशी काय करायचंय? त्याने तुमच्यावर विश्वास टाकला. माझी विनंती एवढीच, आपल्या या चर्चेत तरी पहिली ओळ अशी असावी : किट कोणाकडून आलं, पैसे दिले की नाही, परत पाठवायचं आहे की ठेवायचं, आणि लिहिण्याआधी कोणाला दाखवलं का.

तुम्ही दाखवलं होतं का?

तापीतीर (जळगाव) | १३ मे, सकाळी ८.०२

हो. छापण्याआधी मजकूर त्यांना पाठवला होता. त्यांनी गालावरच्या रेघेचं वाक्य काढाल का असं विचारलं आणि मी काढलं. हे काल लिहायला पाहिजे होतं.

थाळनेरचा किल्ला (शिरपूर) | १३ मे, दुपारी २.३०

मी पलीकडच्या बाजूने बोलतो, कारण मी फिगर्स बनवून विकतो. कंपनी वगैरे नाही, घरच्या खोलीत एक रेझिन प्रिंटर. वर्षातून सात-आठ जणांना नमुने पाठवतो. तुमच्या किटशी माझा संबंध नाही.

तापीतीर भाऊ, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मला काळजी वाटते. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांना एका परीक्षणाने काही होत नाही. माझ्यासारख्याचं एका परीक्षणाने वर्ष जातं. एक फिगर तयार होते म्हणजे काय ते सांगतो. प्रिंट व्हायला चार-पाच तास. त्यात लाइट गेली तर पूर्ण प्लेट वाया. मग आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुणं, आधाराच्या काड्या तोडणं, यूव्हीखाली पक्कं करणं. हातात नायट्राइलचे मोजे घालूनच, कारण कच्चं रेझिन कातडीला बाधतं. उन्हाळ्यात खोलीत आयपीएची वाफ, त्यामुळे शेगडी-उदबत्ती काही चालत नाही. एवढं करून नमुना फुकट पाठवतो, तो काही लाच म्हणून नाही. दुकानात ठेवायला जागा नाही, जाहिरातीला पैसा नाही, मग लोकांनी वस्तू बघायची कशी?

म्हणून माझं म्हणणं असं की दोष आधी बनवणाऱ्याला सांगा. दुरुस्त करायला वेळ द्या. फुकट आलेल्या वस्तूकडे थोडं सांभाळून बघितलं तर काय बिघडतं?

तापीतीर (जळगाव) | १३ मे, रात्री ९.१५

भाऊ, तुमची मेहनत मला दिसते. दोष आधी कळवणं मला पटतं, आणि दुरुस्तीला वेळ देणंही. आठ दिवस थांबेन. तुम्ही दुरुस्त केलंत तर तेही लिहीन, आनंदाने लिहीन. पण दोष होता हे वाक्य मी काढणार नाही. तुम्ही दुरुस्त करायच्या आधी ज्यांनी विकत घेतलं त्यांच्या कपाटात ती जुनीच फिगर आहे.

आणि सांभाळून बघण्याबद्दल. ती फिगर मला फुकट आली, वाचणाऱ्याला फुकट मिळणार नाही. मी सांभाळून घेतलं तर ते त्याच्या खिशातून सांभाळलं जातं. यावलच्या मुलाच्या बाबतीत तेच झालं. लहान बनवणाऱ्याला मदत करायची तर मी त्याची एक फिगर पैसे देऊन घेईन. ती मदत माझी असेल.

पांझरा (धुळे) | १३ मे, रात्री १०.५०

मी गणपतीच्या मूर्ती रंगवतो, वडिलांपासूनचा धंदा. या छोट्या फिगर्स तीन वर्षांपूर्वी पुतण्यामुळे सुरू केल्या. नमुन्याचा आमचा अनुभव जुना आहे, म्हणून लिहितो.

दरवर्षी आषाढाच्या सुमारास रंगाचे विक्रेते कारखान्यावर नमुन्याचे डबे ठेवून जातात. नमुन्याच्या डब्यातला सोनेरी असा झळकतो की बघत राहावं. मग मोठा माल मागवला की तो सोनेरी दोन हातांत झाकत नाही. एका वर्षी दीडशे मूर्तींच्या मुकुटांना तिसरा हात मारायला लागला, ऐन गणपती तोंडावर. तेव्हापासून वडिलांनी नियम केला, नमुना पसंत पडला तरी बाजारातून त्याच रंगाचा एक डबा नाव न सांगता आणायचा आणि एकाच पाटावर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढायचे. तुमच्या नमुन्यात रेघ केसाएवढी आणि विकतच्यात जाड, हे वाचल्याबरोबर मला तो पाट आठवला. परीक्षण लिहिणाऱ्याकडे दोन्ही पाहिजेत, आलेलं आणि आणलेलं. खर्च होतो, मान्य आहे. मग चार जणांनी मिळून आणावं.

आखणीबद्दल एक सांगतो. मूर्तीचे डोळे आम्ही सगळ्यात शेवटी आखतो, चेहरा पूर्ण झाल्यावर. छोट्या फिगरला मी उलटं करतो. आधी खोबणीत गडद तपकिरी, त्यावर पांढऱ्याची बारीक फट, मग बुबुळ, आणि त्यानंतर कातडीचा रंग कडेने आणून चुकलेलं झाकायचं. ३२ मिमीला हेच सोयीचं पडतं. किटमधला ब्रश आखणीला चालेल का हे बघायला रंग लागत नाही. पाण्यात बुडवून मनगटाने एक झटका द्या. टोक एका केसावर आलं तर ठेवा. दोन टोकं झाली तर तो ब्रश वॉशला आणि रंगाच्या पहिल्या थराला.

अबलख (शहादा) | १४ मे, दुपारी १.०५

भाऊहो, हाई वाचीसन बरं वाटनं. खरं लिखेल शे.

मी फक्त घोडे रंगवतो. सारंगखेड्याच्या यात्रेला लहानपणापासून जातोय, एकमुखी दत्ताचं दर्शन झालं की उरलेला दिवस घोडेबाजारात. त्यामुळे घोडा चुकला की मला स्वार दिसतच नाही. नमुना किटात घोडा जवळजवळ कधीच नसतो, पायदळाचा एक शिपाई टाकतात, कारण तो स्वस्त पडतो आणि कुठल्याही बाजूने बरा दिसतो. माझ्या मते बनवणाऱ्याचं खरं काम घोड्यात कळतं. प्लास्टिकचा घोडा बहुधा डाव्या-उजव्या दोन भागांत येतो. सांधा आयाळीतून, छातीवरून आणि पोटाखालून जातो. छातीवर फट राहिली की पुटीने भरा, घासा, पुन्हा भरा. नमुन्याला घोडा आला तर परीक्षणात पोटाखालचा फोटो टाका, कोणी टाकत नाही.

गेल्या वर्षी एका परीक्षणात वाचलं की घोड्याचे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम उचललेले आहेत म्हणून घडण चुकली. ती रेवाल चाल आहे. मारवाडी, काठियावाडी घोड्यांना ती असते आणि आपल्या बाजारात तिच्यासाठी किंमत मोजतात. ज्याने घडवला त्याला घोडा कळत होता आणि त्याचे गुण कापले गेले. दोष लिहायच्या आधी जाणकाराला एकदा विचारायला हवं होतं.

रंगांच्या बाबतीत, किटात एकच तपकिरी असेल तर कुमैत करा. अंग तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट काळी, गुडघ्याखाली पाय काळे. पंचकल्याण करायचा तर चारही पाय खालून पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, पण पांढरा एकदम कोरा नको, राखाडी मिसळून दोन पातळ थर. अबलख (दोन रंगांच्या) घोड्याचे ठिगळ आखून घेऊ नका. कडा ओल्या असतानाच ब्रशच्या टोकाने तोडत जा, केस दिसतात.

केळीचं पान (रावेर) | १४ मे, रात्री ८.४०

मी शाळेत चित्रकला शिकवते. तापीतीर दादा, तुमचं वाचून मला एक भीती बोलून दाखवायची आहे. फुकट किटची परीक्षणं मोठी माणसं लिहितात आणि विकत घेणारी बरीचशी मुलं असतात. सातवी-आठवीची मुलं माझ्याकडे मोबाइल घेऊन येतात, "बाई, हे बघा." परीक्षणात मुलांच्या सुरक्षेची एकही ओळ नसते. रेझिन घासताना उडणारी पूड श्वासातून जाऊ नये, ते पाण्यात बुडवून ओल्या पॉलिश पेपरने घासावं आणि तोंडाला मास्क लावावा. ब्रशचं टोक ओठांनी करू नये, मोठेही करतात म्हणून मुलं करतात. जुन्या धातूच्या फिगर्समध्ये शिसं असू शकतं, हाताळल्यावर हात धुवावेत. ब्लेड नेहमी अंगठ्यापासून दूर चालवावं. एवढं परीक्षणात असलंच पाहिजे. किटवर वय लिहिलेलं आहे का तेही.

बाहेर याची एक पद्धत मला फार आवडते. वॉरहॅमर या फिगर्सच्या खेळाच्या दुकानांत नवख्याला एक फिगर फुकट देतात आणि तिथेच बसवून रंगवून घेतात. शेजारी दाखवणारा माणूस असतो, चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. आपल्याकडे तसं दुकान नाही, पण शिकवणारा माणूस असू शकतो. मी दोन वर्षं पोळ्याच्या आधी मुलांकडून मातीचे बैल रंगवून घेते. त्यातून ज्यांचा हात बसला त्यांच्याच हातात ३२ मिमी देते. बैलाच्या शिंगावर ज्याला सरळ रेघ ओढता येते त्याला झग्याचा काठ जमतो. शाळेचे अॅक्रिलिक रंगही चालतात, फक्त जास्त पातळ करून जास्त थर द्यावे लागतात. अठराशेचं किट घ्यायच्या आधी हे करून बघा असं परीक्षणात कोणीतरी लिहायला हवं.

पाटणादेवी (चाळीसगाव) | १४ मे, रात्री ९.३०

परदेशी नमुन्यांबद्दल कोणी विचारेल म्हणून आधीच लिहून ठेवतो. इंग्लंडच्या 'वॉरगेम्स इलस्ट्रेटेड' मासिकाबरोबर प्लास्टिकची स्प्रू फुकट येते, ते बघून अनेकांना वाटतं की मित्राकडून भेट म्हणून मागवू. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने, पूर्ण सीमाशुल्क न भरता, भेटवस्तू म्हणून माल आयात करायला बंदी आहे. सूट फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना. आणि मिनिएचर्स, म्हणजे या फिगर्स, सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्या शीर्षकात धरली गेली की खेळण्यांचं शुल्क लागतं : ते मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. "फुकट नमुना" दाराशी येईपर्यंत फुकट राहत नाही. परीक्षणात हा आकडा लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला पार्सल अडकल्यावरच कळतं.

आणि परीक्षणावर तारीख घाला. द आर्मी पेंटर कंपनीचे स्पीडपेंट रंग २०२२ मध्ये आले तेव्हा वाळलेला थर ओल्या ब्रशने पुन्हा ओला होऊन उठायचा. २०२३ मध्ये त्यांनी कृती बदलून २.० आणले. पहिल्यांचं परीक्षण वाचून लोक आजही दुसऱ्यांना नावं ठेवतात.

तापीतीर (जळगाव) | १५ मे, रात्री १०.१०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. पांझरा दादांचा पाट माझ्या डोक्यातून जात नाही. मी एक सुचवतो. यापुढे आपल्यापैकी कोणालाही नमुना आला तर तो एकट्याने संपवायचा नाही. एक फिरता डबा करू. आलेल्या फिगर्स आणि चौघांनी वर्गणी काढून विकत आणलेलं तेच किट, दोन्ही एका डब्यात. डबा गावोगाव फिरेल. घोडा असेल तर आधी शहाद्याला. आखणी आणि ब्रश धुळ्याला. काय कशाचं बनलंय आणि गोंद कोणता, ते भुसावळला. रावेरला ताईंकडे शेवटी, मुलांच्या हातात देण्यासारखं आहे का ते बघायला. प्रत्येकाने आपापला कागद डब्यात टाकायचा, दुसऱ्याचा आधी वाचायचा नाही. मग सगळे कागद इथे एकत्र टाकू.

आणि प्रत्येक डब्यातली एक फिगर पत्र्याच्या खोलीत मे काढेल.

गिरणाकाठ (चाळीसगाव) | १५ मे, रात्री १०.३२

वर्गणीत मी आहे. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवा, कोणत्या फिगर्स फुकट आलेल्या आणि कोणत्या विकत आणलेल्या.

पांझरा (धुळे) | १५ मे, रात्री १०.४५

झाकणावर लावू नका. माझ्याकडे येईपर्यंत मला कळूच नये कोणती कुठली. तळाला खुणेचा ठिपका लावा, अर्थ तापीतीर भाऊंजवळ राहू दे. शेवटी सगळं इथे टाकताना सांगा.

थाळनेरचा किल्ला (शिरपूर) | १६ मे, सकाळी ६.५०

रात्रभर विचार केला. पहिला डबा माझा घ्या.

गेले चार महिने एका फिगरवर काम करतोय. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खानदेश भिल्ल कोअर ही पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. त्या पलटणीचा शिपाई कुठल्याच किटात मी पाहिला नाही, म्हणून स्वतः घडवायला घेतला. २८ मिमी, फिगर आणि खालची बैठक असे दोन भाग. नमुना निवडून पाठवायचा तर माझ्याकडे तीन अतिशय स्वच्छ निघालेल्या आहेत. त्या नाही पाठवत. विक्रीसाठी पॅक करून ठेवलेल्या वीस पाकिटांपैकी कोणतीही पाच, तुमच्यापैकी कोणीतरी येऊन उचला. पैसे घेईन, पाचांचे. मग आलेलं आणि आणलेलं असा फरकच राहणार नाही.

दोष आत्ताच सांगतो. पाठीवर प्रिंटच्या थरांच्या रेषा दिसतात, वॉश मारला की जास्त उठतात. आणि हनुवटीखाली आधाराची काडी तुटल्याची खूण राहते, ती कशी घालवायची ते मला अजून जमलेलं नाही. पांझरा दादा, तुम्हाला काही सुचलं तर सांगा.

अबलख (शहादा) | १६ मे, सकाळी ७.२०

मी शनिवारी शिरपूरला येतोच आहे. पाच पाकिटं मी उचलतो, डोळे मिटून. तिथून एसटीने धुळ्याला.

तापीतीर (जळगाव) | १६ मे, सकाळी ७.४१

यावलच्या मुलाला फोन केला होता. भाला सरळ झालाय, पितळी तार घातली. त्याला विचारलं, पत्र्याच्या खोलीतली फिगर तू सांभाळशील का. हो म्हणाला. थाळनेर भाऊ, म्हणजे पाच नको, सहा पाकिटं द्या. सहाव्याचे पैसे माझे.